बिनफुलाचा क्रूस

आमच्या गावात ख्रिस्ती आळीतलं कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी बस्त्याव पेंटर त्या घरी यायचा. सायकल कुंपणाला टेकवायचा, चपला बाहेर काढायचा आणि ओटीवर जी खुर्ची रिकामी असेल तिच्या अगदी कडेला बसायचा. सांत्वनाचे शब्द त्याला जमत नसत, आणि जमत नसत म्हणून तो ते बोलतही नसे. त्याच्यातली ही गोष्ट मला पहिल्यापासून आवडली. चहा यायचा, तो बशीत ओतून प्यायचा. मग खिशातून कागद काढून गेलेल्या माणसाचं नाव लिहून घ्यायचा, दोन तारखा लिहून घ्यायचा आणि कागदाची घडी घालता घालता विचारायचा, "बरं, फूल कुठलं?"

सगळं घर एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागायचं.

नवख्या माणसाला हे नीट सांगायला हवं. आमचं गाव वसईचं, जुनं. एका अंगाला आमची वाडवळांची घरं, दुसऱ्या अंगाला ख्रिस्ती कुटुंबं. दोन्हीकडे वाड्या, केळी, भाजी, फुलं. त्यांची दफनभूमी चर्चच्या मागे आहे. जागा थोडी, म्हणून साधी कबर तिथे कुणाची कायमची नसते. काही वर्षं गेली की रांग पुन्हा उघडतात आणि दुसऱ्यांची सोय करतात. त्यामुळे दगड नाहीत, लाकडी क्रूस असतात. रांग उघडायची झाली की घरच्यांनी आपला क्रूस घरी न्यायचा. हे क्रूस बस्त्याव रंगवायचा. काळा ऑइलपेंट, त्यावर पांढरं नाव, खाली जन्माची आणि मरणाची तारीख. त्याच्याही खाली तळहाताएवढी जागा सोडून तिथे तो एक फूल काढायचा. शोभेचं नव्हे, त्या माणसाचं फूल. त्यानं लावलेलं, माळलेलं, नाहीतर नुसतंच त्याला आवडलेलं.

"गुलाब काढ" असं कुणी म्हणालं की बस्त्याव मान हलवायचा. "गुलाब सगळ्यांनाच चालतो. तुमच्या आईचं सांगा."

आणि मग शोध सुरू व्हायचा. काल-परवापर्यंत रडणारी माणसं आठवायला लागायची. कुणी म्हणे अनंत, कुणी म्हणे छे, अनंताच्या वासानं तिचं डोकं उठायचं. मधेच कुणीतरी हसायचंसुद्धा. ते घर मोकळं झालं की बस्त्याव उठायचा. "घाई नाय. विचारून सांगा. माणूस काय कुठं पळत नाय आता," असं म्हणून सायकलवर टांग मारायचा.

उंच, वाळका, गळ्याचं हाड पुढे आलेलं. अंगावर चौकड्याचा शर्ट, त्यावर रंगांचे इतके डाग की मूळ चौकडी कुठली ते त्याच्या बायकोलाच ठाऊक. हात मात्र रॉकेलनं चोळून स्वच्छ केलेले. घरात ते लोक आपली बोली बोलत. माझ्याशी तो शाळेतली मराठी बोलायचा, कारण मी शिक्षिका. त्यात मधेच 'नाय' आणि 'हाय' डोकवायचे. पोटापाण्याचं काम सातिवलीला, कारखान्यांच्या पाट्यांचं. 'धूम्रपान सक्त मनाई', 'यंत्र चालू असताना हात घालू नये' वगैरे. फ्लेक्स आल्यावर ते काम आटलं, पण क्रूस कुणी फ्लेक्सवर छापून घेत नाही, तेवढं त्याचं राहिलं. एकदा त्यानं विजेच्या डब्यावरच्या 'धोका' पाटीच्या कोपऱ्यात, कवटीच्या बाजूला, घाणेरीचं फूल काढलं. मालक खवळला. "जागा उरलेली," एवढाच बस्त्यावचा खुलासा.

माझी त्याची ओळख भांडणानं झाली. मी आचोळ्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, आणि जीवशास्त्राच्या शिक्षिकेला वाटेतलं फूलही नीट लागतं. चर्चमागच्या पायवाटेनं येताना मला एका क्रूसावर तगर दिसली. तगरीला पाच पाकळ्या असतात, सहावीतल्या पोरालाही माहीत आहे. इथे पाकळ्यांवर पाकळ्या. बस्त्याव शेजारीच दुसऱ्या क्रूसाचा पाय डांबरानं माखत बसला होता.

"ही तगर आहे ना? चुकलीय," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. "कुठं चुकली?"

"पाकळ्या पाच हव्यात."

त्यानं ब्रश पुसला, सायकल घेतली आणि म्हणाला, "चला." मी चिडून का होईना, पण गेले. त्याच्या घराच्या मागच्या अंगाला तगरीचं झाड होतं, आणि त्याची सगळी फुलं दाट, दुहेरी. पाच पाकळ्यांची एक नाही. "कलम मागून नेलेलं त्या म्हातारीनं इथून," तो म्हणाला. "पुस्तकातली असेल पाचाची. तिची ही."

मी वरमले. तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली. कातरीन. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. हातात स्टीलचा पेला, त्यात तगरीचं एक ताजं फूल. पेला तिनं अंगणातल्या स्टुलावर ठेवला, थोडासा फिरवला आणि मला म्हणाली, "बाय, बस. चाय ठेवते." तिच्याशी माझी ओळख ही एवढीच, आणि पुढेही ती फार वाढली नाही. ती बाजारात भाजी आणि फुलं विकायची, पहाटे उठून वाडी शिंपायची. तिच्याकडे गप्पांना वेळ नसायचा.

तिथून मात्र मी त्या अंगणात जायला लागले. निमित्त फुलांचं. मी त्याला शाळेतलं एक जुनं भिंग आणून दिलं. त्यानं ते आठवडाभर खाली ठेवलं नाही. बोगनवेलीत जे रंगीत दिसतं ती पानं असतात आणि खरं फूल म्हणजे आतली बारीकशी पांढरी नळी, असं मी सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ भिंगातून बघत बसला. "म्हणजे लोक बघतात ते फूल नायच?" असं दोनदा विचारलंन, आणि त्या दिवशीचं काम तसंच राहिलं.

त्याची कामाची एक रीत होती. फूल समोर असल्याशिवाय काढायचं नाही. फोटो नाही, आठवणीनं नाही. फूल पेल्यात, पेला स्टुलावर, आणि ते मान टाकायच्या आत जेवढं होईल तेवढं काम. मोगरा दुपारपर्यंत, जास्वंद संध्याकाळपर्यंत, अबोली तेवढी दोन दिवस दम धरायची. काम अपुरं राहिलं तर दुसऱ्या दिवशी कातरीन वाडीतून तसंच दुसरं फूल आणून पेल्यात ठेवायची. तो 'आण' म्हणायचा नाही. ती 'आणलं' म्हणायची नाही.

या रीतीमुळे एक गंमत व्हायची. ऋतू नसला की फूल मिळायचं नाही, आणि मग तो क्रूस फुलाविना उभा राहायचा. सुरंगीवाली पावसाळ्यात गेली तर शिमग्याच्या सुमारापर्यंत तिच्या तारखांखाली नुसती काळी जागा. गावाला ते सवयीचं झालं होतं. बिनफुलाचा क्रूस दिसला की बायका म्हणायच्या, "हिचं फूल यायचंय अजून." मी नववीच्या मुलांना ऋतू आणि बहर शिकवताना ही दफनभूमी डोळ्यांसमोर आणायची, पण वर्गात तसं सांगायची हिंमत झाली नाही.

त्याच्या हट्टाच्या गोष्टी गावात पुष्कळ. दोन भावांचं एकदा आईच्या फुलावरून वाजलं. एक म्हणे सोनचाफा, दुसरा म्हणे शेवंती. भांडण एवढं पेटलं की एक भाऊ महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे आईसाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला, आला नाही. शेवटी कॅनडातल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "दोघंही खोटं बोलतायत. मम्मीला खरी फुलं कुठे आवडायची? सुकतात म्हणायची. देव्हाऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या फुलांना रविवारी साबणानं धुवायची ना ती!" भाऊ गप्प झाले, कारण ते खरं होतं. बस्त्यावनं प्लॅस्टिकचं फूल आणवलं. आणि मी स्वतः पाहिलंय, कातरीननं ते फूल धुतलं, पेल्यात अर्धं पाणी घातलं आणि त्यात ठेवलं.

"अगो, याला पाणी कशाला?" मी हसून विचारलं.

"फूल हाय ना?" ती म्हणाली, आणि आत गेली.

बस्त्यावनं ते फूल काढलं, देठातून डोकावणाऱ्या तारेसकट. गावात थोडी कुजबुज झाली. फादरांनी येऊन पाहिलं, हसले आणि आशीर्वाद दिला. तो क्रूस आता थोरल्याच्या घरी आहे, आणि धाकटा तो मागतो.

दुसरी गोष्ट सातिवलीच्या एका कामगाराची. झारखंडचा, ख्रिस्ती, विशी-बाविशीतला. भर पावसात तापानं गेला. त्याचं इथे कुणी नव्हतं, खोलीतले चार सोबती तेवढे. बस्त्याव त्यांच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन कडेला बसला आणि आपल्या हिंदीत विचारलंन, "फूल कौन-सा?" पोरं गोंधळली. मग एक जण म्हणाला, "चाचा, पलाश. हमारे यहाँ पूरा जंगल लाल हो जाता है. फोन में वही फोटो रखा था उसने." फोटो दाखवला. बस्त्यावनं तो बघितला आणि परत दिला. पळस आमच्या गावात नाही, आणि असता तरी श्रावणात कुठला फुलायला! क्रूस सात महिने तसाच उभा. बस्त्याव विसरला असं मलाही वाटलं. फेब्रुवारी सरता सरता एका सकाळी स्टुलावर पेला आणि पेल्यात पळसाची अख्खी डहाळी. चिंचोटीकडून बाजारात रानभाजी आणणाऱ्या बायकांना कातरीननं पावसातच सांगून ठेवलं होतं. रोज आठवण करून देत होती म्हणे. पळस रंगवून झाल्यावर बस्त्यावनं त्या सोबत्यांना बोलावलं. ते कामावरून तसेच आले, आणि त्यातला एक क्रूसाला हात लावून तिथेच बसून राहिला.

मलाही त्यानं तो प्रश्न विचारला होता. माझी आई गेली तेव्हा. आमच्यात क्रूस नाही, काही रंगवायचं नाही, पण तो आला, कडेला बसला, चहा प्यायला आणि सवयीनं म्हणाला, "फूल कुठलं?" मी ताडकन म्हटलं, "मोगरा." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "विचारून सांगा." पंचवीस वर्षं मुलांना पुंकेसर-स्त्रीकेसर शिकवणारी मी, आणि आईचं फूल मला माहीत नव्हतं. मोगरा मी ठोकून दिला होता. ते त्याला कळलं हे मला कळलं, आणि मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

मग कातरीन गेली.

दुखणं थोड्या दिवसांचं. पोटात दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेलं, आणि पंधरवड्यात सगळं आटपलं. नारळीपौर्णिमा नुकतीच झाली होती. क्रूस बस्त्यावनं स्वतःच रंगवला. अक्षर नेहमीसारखं ठाशीव. नाव, दोन तारखा, आणि खाली तळहाताएवढी काळी जागा.

गावाला वाटलं, फूल यायचंय.

आणि मग, कबूल करायला लाज वाटते, पण आम्हा बायकांचा तो खेळच झाला. कातरीनचं फूल कुठलं? पावसात गेली आणि जागा रिकामी, म्हणजे सोनचाफा नाही, अनंत नाही, तगर तर बाराही महिने दारात. दिवाळी आली, शेवंती आली नि गेली. जागा रिकामी. "सुरंगी असणार," विहिरीवरची एक जण ठामपणे म्हणाली. शिमगा झाला, सुरंगी झाली, जागा रिकामी. "मग मोगरा. दुसरं काय उरलं?" मोगराही येऊन गेला. पाऊस पुन्हा लागला आणि वर्षाची मिस्सा आली. त्या दिवशी सगळ्या जणी त्या क्रूसासमोर उभ्या राहिलो. सगळे ऋतू येऊन गेले होते.

मिस्सेनंतर तो सायकलला टेकून उभा होता. मी जवळ गेले. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "बाई, मला माहीत नाय."

मला त्याच्याकडे बघवेना.

"अख्ख्या गावाला विचारत फिरलो. तिला विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "घरातच होती ना."

त्यानंतर बस्त्यावनं विचारणं बंद केलं. कुणी गेलं तर जायचा, बसायचा, नाव आणि तारखा घेऊन उठायचा. कुणी आपण होऊन फूल सांगितलं तरी म्हणायचा, "दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. मी कुठल्या तोंडानं काढू?" दुसरा कोण होता? दफनभूमीत रिकाम्या जागांचे क्रूस वाढत गेले. आता त्यांतला कुठला ऋतूसाठी थांबलाय आणि कुठला कायमचा रिकामा, ते कळायचं नाही.

पण स्वतःपुरता त्याचा शोध चालू होता. एक वही केली होती, आणि तो ती घेऊन माणसांकडे जायचा. दोन-तीनदा मीही बरोबर गेले, कारण खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं. कातरीनची बहीण म्हणाली, "पांढरी शेवंती. लग्नात केसांत पांढरी शेवंतीच होती." त्यानं लग्नाचा फोटो काढून भिंग लावलं. फुलं कागदाची होती. मुलगा नाशिकला, तो फोनवर म्हणाला, "पप्पा, मम्मीच्या तोंडून मी फुलांचे भाव तेवढे ऐकलेत." बाजारात कातरीनच्या शेजारी सुकी मासळी घेऊन बसणारी एक कोळीण होती. तिच्याकडे आम्ही दोघं गेलो. तिनं टोपली झाकली आणि विचार केला.

"फुलं इकनारी बाय सोता कवा फुलं मालते का?" ती म्हणाली. "येक उरलं तर माज्या डोक्यात खवसायची. कोनतं उरंल ते. तिला सगली सारकीच."

बस्त्यावनं वहीत लिहिलं, 'सगळी सारखी.' आणि वही मिटली.

"माणसाचं फूल ओळखायची काही खूण नसते का, बाई? तुमच्या शास्त्रात?" असंही त्यानं एकदा विचारलं. झाड पानावरून ओळखता येतं, बी फोडून ओळखता येतं, हे मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "नसते."

अशी तीन-चार वर्षं गेली. एका ईस्टरनंतर चर्चच्या फलकावर सूचना लागली, की मागची रांग यंदा मृतांच्या दिवसानंतर उघडली जाईल, कुटुंबांनी आपापले क्रूस घेऊन जावेत. ती कातरीनची रांग. आमच्याकडे कुणाला त्याचं फारसं वाटत नाही, सगळ्यांच्याच रांगा उघडतात. बस्त्याव मात्र पार खचला. "बिनफुलाचा कसा नेऊ घरी?" तो मला म्हणाला. "तिथं उभा होता तोवर निदान यायचंय म्हणता येत होतं."

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांचा दिवस. हातात सहा-सात महिने होते, आणि तेही सरले.

त्या ऑक्टोबरात आळीतली एक म्हातारी गेली. तिची नात कॉलेजात जाणारी, तोंडाची फटकळ. बस्त्यावनं नाव-तारखा घेतल्या आणि उठला, तशी ती आडवी आली. "काका, तुम्ही फूल विचारलंच नाही."

"आता काढत नाय, पोरी."

"असं कसं? माझ्या आजोबांचं काढलं, काकीचं काढलं, आणि आजीच्या वेळेलाच बंद? ते चालणार नाही हां. गुलबक्षी. गुलाबी. मी रोज येऊन बसेन तुमच्या दारात."

ती खरंच बसली. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी बस्त्याव माझ्या फाटकाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, तुमच्याकडं गुलबक्षी हाय ना?"

गुलबक्षी चारच्या सुमाराला उमलते. मी साडेचारला फुलाची काडी घेऊन गेले. तो ब्रश धुऊन, क्रूस मांडीवर घेऊन बसला होता. स्टूल जागेवर होतं. "पेला आत फळीवर असेल," तो म्हणाला. मी आत गेले. पेल्यावर धूळ होती. धुतला, अर्धं पाणी घातलं, काडी खोचली आणि आणून स्टुलावर ठेवला.

तो बघत राहिला. "असा नाय," म्हणाला.

मी फूल थोडं तिरकं केलं.

"फूल ठीक हाय. पेला असा नाय."

मी पेला इकडे फिरवला, तिकडे फिरवला. त्याच्या मनाला येईना. मग तो उठला आणि स्वतः फिरवायला लागला, हळूहळू, एकेक बोट. आणि पेल्याची एक बाजू समोर आली. आपल्याकडे भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावं घालतात ना, तसं त्यावर घातलं होतं: 'कातरीन हिस, मावशीकडून.' लग्नातलं भांडं. अक्षरं झिजली होती, पण उन्हात टिंबं लखलखत होती. त्यानं हात काढून घेतला.

"हां. असा," तो म्हणाला. "असाच असायचा."

 मला त्या पहिल्या दिवसाची आठवण झाली. पेला ठेवून तिनं तो थोडासा फिरवला होता, आणि फुलाची बाजू नीट करत असेल असं मी धरून चालले होते.

"चाळीस वर्षं, बाई," बस्त्याव म्हणाला. "दर फुलाच्या खाली. माझ्याकडं तोंड करून." त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, बाहीवरचा जुना रंग लागल्यासारखा गाल उगाच चोळला. मग खाली बसला आणि गुलबक्षी काढायला घेतली. उजेड होता तोवर त्याचा हात थांबला नाही. नात दुसऱ्या दिवशी आली, बघून गप्प झाली. तिला गप्प झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मृतांच्या दिवशी दुपारपासून दफनभूमी भरते. लोक कबरी साफ करतात, झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या पसरतात, मेणबत्त्या लावतात. मीही दरवर्षी जाते, शेजारी म्हणून. त्या वर्षी कातरीनच्या जागी क्रूस नव्हता. तो बस्त्यावनं आठवड्यापूर्वीच घरी नेल्याचं कळलं. बायका पुन्हा कुजबुजायला लागल्या, आणि मीही मान उंच करून वाटेकडे बघत होते हे नाकारण्यात अर्थ नाही.

तो सायकल ढकलत आला. क्रूस कॅरिअरला बांधलेला, गोणपाटात गुंडाळलेला. सोडला, जुन्या खड्ड्यात उभा केला, माती पायानं दाबली आणि बाजूला झाला.

नाव, दोन तारखा, आणि खाली, इतकी वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेत, स्टीलचा पेला. अर्धा पाण्यानं भरलेला. पाणी बाहेरून दिसत नाही, पण पेला किंचित पुढे कलता दाखवून त्यानं आतलं पाणी दाखवलं होतं. काठावर उजेडाची एक बारीक रेघ. पोटावर टिंबाटिंबांची अक्षरं, भिंग लावावं तर प्रत्येक टिंब वेगळं. फूल नव्हतं.

मग ती कोळीण, टोपली घरी ठेवून मुद्दाम आलेली, पुढे झाली आणि म्हणाली, "दादा, आनि फूल?"

"ते ती रोज बदलते," बस्त्याव म्हणाला.

फादरांनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. लोक आपापल्या कबरींकडे पांगले. जाता जाता एकेक बाई कातरीनच्या मातीवर काहीतरी ठेवून जात होती. शेवंती, तगर, झेंडू, कुणी कुंपणावरची कोरांटी. मी हातातली गुलबक्षी ठेवली. ती अजून पुरती उमलली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मुलगा येऊन त्याला नाशिकला घेऊन गेला. तिथेच तो वारला. त्याचा क्रूस कुणी रंगवला आणि त्यावर काय काढलं, मला माहीत नाही, आणि त्यालाही त्याचं फूल आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. मला दिसलेला बस्त्याव तो मृतांच्या दिवसाच्या त्या संध्याकाळचा शेवटचा. मेणबत्त्या लागायला लागल्या होत्या. त्यानं क्रूस घरी न्यायला मातीतून हलकेच उपसला, त्याचा पाय गवताला पुसला आणि कॅरिअरवर आडवा धरला. दोरी आवळता आवळता थांबला. पुन्हा सोडली. क्रूस फिरवून घेतला, नाव आपल्याकडे येईल असा, मग दोरी बांधली आणि त्या बाजूनं चालत सायकल ढकलत निघाला.